ट्रेकचं तिकीट आणि क्लबची वर्गणी

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलीने लिफ्टमध्ये विचारलं, ताई तुम्ही अजून त्या गिर्यारोहण क्लबच्या मेंबर कशाला आहात, मोबाईलवर वाटेचा ट्रॅक डाउनलोड होतो, इन्स्टावर दर शनिवारी पन्नास ग्रुप निघतात, नऊशे रुपयात बस चहा नाश्ता जेवण सगळं, मग वर्गणी भरून दर बुधवारी ऑफिस सुटल्यावर मीटिंगला कोण जाणार? लिफ्ट तळमजल्यावर आली, ती गेली, आणि मला काही धड सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

मी पण तशीच सुरुवात केली होती. डोंबिवलीत राहते, पस्तिशीला आले होते, मुलगी शाळेत जायला लागली होती आणि रविवारी कुठेतरी हिरव्यात जाऊन यावं एवढीच इच्छा. दोन वर्षं असेच जाहिरात बघून पैसे भरून ट्रेक केले, बहुतेक चांगले झाले. मग एका जुलैमध्ये भीमाशंकर. दोन बस, नव्वदच्या आसपास माणसं, तीन लीडर. पायथ्याच्या खांडसवरून गणेश घाटाने वर, दर्शन, आणि उतरताना शिडी घाट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिडी घाटात लोखंडी शिड्या आहेत आणि त्यांच्या आसपास कातळाचे टप्पे आहेत, पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि वरून पाणी येत असतं. तो चढणंच जपून करायचं काम, भर पावसात नवख्या नव्वद लोकांना तिथून उतरवणं म्हणजे काय हे मला आज कळतं, तेव्हा कळत नव्हतं, मला वाटलं लीडर नेतायत म्हणजे बरोबरच असणार.

आम्ही शेवटचे अकरा जण होतो. त्यातली एक मुलगी, नागपूरहून नोकरीसाठी नुकतीच मुंबईत आलेली, टप्प्यावरून घसरली आणि गुडघा असा सुजला की पाय टेकवेना. मागे लीडर नाही. तिघेही पुढे. फोनला रेंज नाही, साडेपाच वाजलेले, ढग खाली उतरलेले. कोणी म्हणे तिला उचलून खाली नेऊ, कोणी म्हणे थांबू, शेवटी दोघं खाली गेले सांगायला, दोघं परत वर पदरवाडीत गेले मदत मागायला. वाडीतले एक मामा आणि त्यांचा मुलगा आला, बॅटरी आणि गुरांचा दोर घेऊन. त्यांनी तिला हळूहळू वर घेतलं, बांबू आणि घोंगडीची डोली केली आणि गणेश घाटाने खाली आणलं. खांडसला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. आमची बस सातलाच निघून गेली होती. बसमध्ये कोणी डोकी मोजली नव्हती.

त्या ग्रुपचं नाव लिहिणार नाही, कोणाला बदनाम करायला हे लिहीत नाहीये. ती बावीस-तेवीस वर्षांची पोरं होती, वाईट नव्हती, दुसऱ्या दिवशी एकाने रडत फोन केला. पण त्या रात्री मामांच्या घरी चहा पिताना मला एक गोष्ट लख्ख कळली. मी तिकीट काढलं होतं आणि तिकिटाचं नातं बसपुरतं असतं. त्या नव्वद जणांत माझं कोणी नव्हतं आणि मीही कोणाची नव्हते, ती नागपूरची मुलगी सकाळपासून माझ्यापुढे चालत होती आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं. हे मला फार लागलं. आजही लागतं.

दोन महिन्यांनी एका ओळखीच्यांनी क्लबच्या मीटिंगला नेलं. शाळेचा वर्ग, बाकं, फळा, पंधरा-वीस माणसं. मला वाटलं किती किल्ले केलेस विचारतील. त्यांनी विचारलं, पोहता येतं का, कुठलं औषध चालू आहे का, घरी कोणाला कळवायचं. हे सगळं एका रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. वर्षाची वर्गणी सहाशे रुपये. आणि पुढचे तीन महिने रोपला, म्हणजे चढाईच्या दोराला, हात लावू दिला नाही, आधी चालायला शिका म्हणाले, घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, उतरताना पुढच्याच्या डोक्यावर दगड जाणार नाही असं कसं चालायचं, ढोरवाट आणि मळलेली वाट यातला फरक कसा ओळखायचा. मला तेव्हा राग यायचा की हे काय शाळेसारखं.

मग बेलापूरच्या बोल्डरवर, म्हणजे मोठ्या दगडांवर, रविवारी सकाळी दोराच्या गाठी. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, बोलाईन, डोळे मिटून, मग एका हाताने. आणि मग बिले.

बिले म्हणजे काय ते नीट सांगते कारण माझ्यासाठी सगळा मुद्दा तिथेच आहे. वर एक माणूस चढतोय, त्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, रोप बांधलाय, आणि त्या रोपचं दुसरं टोक खाली माझ्या हातात, माझ्या हार्नेसला लावलेल्या, रोप अडवणाऱ्या बिले डिव्हाइसमधून. तो जसा चढेल तसा मी रोप सोडत जायचा, फार सैल नाही, फार ताणून नाही. तो पडला तर त्याचं पडणं मी थांबवायचं. चढाईचा रोप डायनॅमिक असतो, झटका बसला की थोडा लांबतो आणि धक्का पोटात घेतो, रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, स्टॅटिक रोप तसा लांबत नाही, त्यामुळे कुठला रोप कशाला वापरायचा हे चुकलं तर माणूस दगडाला न आपटताही जायबंदी होऊ शकतो. पण रोप कितीही चांगला असला तरी धरणारा हात लागतोच. आमच्याकडे एक काका आहेत, आता सत्तरीला आलेत, ते म्हणायचे, रोप हातात आहे तोवर वरचा माणूस तुझ्या घरचा. फोन वाजला तरी वाजू दे.

पहिल्यांदा एक चढणारा माझ्या रोपवर पडला तेव्हा मी जमिनीवरून अर्धा फूट उचलली गेले. तो वर लटकत होता आणि ओरडला, थँक्यू! मी नंतर टेम्पोत बसून रडले. कितीतरी वर्षांत मला कोणी इतकं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं.

म्हणून कोणी विचारलं मेंबरशिपचं कारण काय, तर माझं उत्तर हे आहे, की दुसऱ्याचा रोप धरायला मिळतो. स्वस्त ट्रेक, क्लबचं सामान वापरायला मिळणं, हे सगळं आहेच आणि त्याचा फायदा मी घेतलाय, चांगल्या डायनॅमिक रोपची किंमत पाच आकडी असते आणि मला तो एकटीने कधीच घेता आला नसता. पण त्यासाठी मी दहा वर्षं बुधवारी गाडी बदलून ठाण्याला जात नाहीये.

दुसरं कारण म्हणजे परत फिरणं. तैलबैलाच्या दोन उभ्या कातळभिंती चढायला आम्ही सहा महिने तयारी करून गेलो होतो. त्या दोन भिंतींमधल्या खिंडीत सकाळी उभं राहिलं की मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. माझी पहिली मोठी चढाई होती, आईला खोटं सांगून आले होते की किल्ला बघायला जातेय. लीडरने आदल्या संध्याकाळी दुर्बिणीने भिंत बघून आग्या मोहोळं कुठे आहेत ते वहीत काढून ठेवलं होतं, कोणी परफ्यूम, सुगंधी तेल लावायचं नाही, शेकोटी नाही. तरी निम्म्या उंचीवर गेल्यावर वरच्या एका पोळ्याची हालचाल त्याला बरी वाटली नाही. तो पाच मिनिटं गप्प बघत राहिला आणि म्हणाला, उतरायचं. एकाही माणसाने ‘पण’ म्हटलं नाही. दोन तासांत सगळे खाली. रोपवर लटकलेल्या माणसाला मधमाश्यांपासून पळता येत नाही, हे त्याला माहीत होतं कारण क्लबमधल्या आधीच्या पिढीने ते अंगावर घेतलं होतं. जिथे लोकांनी पैसे भरलेत, फोटो हवेत, बस बुक आहे, तिथे लीडरला हे वाक्य उच्चारायला किती जड जात असेल विचार करा. आमच्या लीडरला ते सहज जमलं कारण आमच्यातलं कोणीच त्याचं गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या जानेवारीत गेलो आणि चढलो.

आणि ही माहिती कुठल्या ॲपमध्ये नसते. ट्रॅक तुम्हाला सांगेल वाट कुठून जाते. मार्चमध्ये कुठल्या टाक्याचं पाणी पिता येतं, कातळात ठोकलेला कुठला बोल्ट जुना झालाय आणि त्यावर भरवसा ठेवायचा नाही, कुठल्या वाडीत रात्री कोणाचं दार वाजवायचं, हे आमच्या क्लबच्या वह्यांमध्ये आहे, मी शाळेत होते तेव्हा जुन्या मेंबरांनी केलेल्या नोंदी आहेत त्यात, पेनाची शाई पुसट झालेल्या.

हे काही आमचंच कौतुक नाही. मुंबईत गिरिविहार १९५४ पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमी १९८२ पासून, मुलुंडचे चक्रम हायकर्स आहेत, गावोगावी छोट्या संस्था आहेत ज्यांची नावं तालुक्याबाहेर कोणाला माहीत नाहीत. २०१२ ला गिरिप्रेमीच्या एकाच मोहिमेतले आठ जण एव्हरेस्टवर पोचले, २०१९ ला त्याच संस्थेचे लोक कांचनजंगावर. २०१६ आणि २०१७ ला नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे रोपशिवाय कमी उंचीवर चढण्याचा, वर्ल्ड कप झाला आणि तो भरवण्यात गिरिविहारवाले होते, ज्यांनी वर्षानुवर्षं बेलापूरच्या दगडांवर पोरांना शिकवलं ते. मुलुंडला गिर्यारोहकांचं गिरिमित्र संमेलन भरतं, एकदा जाऊन बघा, नोकरी-धंदा सांभाळून हे सगळं करणारी किती माणसं आहेत ते कळेल.

पण मला एव्हरेस्टपेक्षा जास्त अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा वाटतो. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत गेली, तीस माणसं गेली. त्या दरीत, पावसात, रोप लावून उतरले ते त्या भागातले ट्रेकर्स. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, वर गाडी जात नाही, चिखलातून चालतच जावं लागतं, तिथे अंधारात सुरुवातीला पोचलेल्यांमध्ये आसपासच्या क्लबची पोरं होती. लोणावळा, खोपोली, महाबळेश्वर इथले ग्रुप हे वर्षभर करतात, कोण धबधब्यात अडकलं, कोण कड्यावर चुकलं, फोन आला की निघतात. पगार नाही. ही फळी ऐनवेळी तयार होत नाही, ती त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या बुधवारांतून आणि गाठींतून तयार होते. नवे मेंबर आले नाहीत तर पुढच्या वीस वर्षांनी कोण उतरणार दरीत?

आता क्लबवाल्यांनाही बोलते, माझेच आहेत म्हणून. आपण नव्या माणसाशी नीट बोलत नाही. मीटिंगला आलेली मुलगी तासभर कोपऱ्यात बसून जाते आणि आपण १९९४ च्या मोहिमेच्या गोष्टी सांगत बसतो. मी आले तेव्हा आमच्या कमिटीत एकही बाई नव्हती, आज चार आहोत पण त्याला नऊ वर्षं लागली. आणि आपल्या डोंगरात ज्यांची घरं आहेत, ठाकर, महादेव कोळी, कातकरी पोरं, जी आपल्यापेक्षा दसपट चांगली चढतात, ती आपल्याकडे वाटाड्या म्हणून आहेत, मेंबर म्हणून किती आहेत? त्यांची वर्गणी माफ करा, गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला उत्तरकाशीला पाठवायला क्लबने पैसे उभे करा. आम्ही गेल्या वर्षी एकाला पाठवलं. आज तो आमच्यातल्या निम्म्या लोकांना लीड, म्हणजे सगळ्यात पुढे चढून रोप लावत जाणं, शिकवतो.

आणि ज्यांना फक्त चार महिन्यांतून एकदा हिरवळ बघायची आहे त्यांनी क्लब जॉइन केलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. खुशाल पैसे भरून जा, पण बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, किती माणसं, लीडर किती, सगळ्यात शेवटी कोण चालणार, त्याचं नाव काय. शेवटच्या माणसाचं नाव सांगता आलं नाही तर जाऊ नका.

आमच्याकडे त्याला टेल म्हणतात. मी आता बहुतेक ट्रेकला टेललाच असते, सगळ्यांच्या मागे, कोणाची चप्पल तुटली, कोणाला दम लागला, कोण लाजेने सांगत नाहीये की पाय दुखतोय. बसमध्ये चढायच्या आधी डोकी मोजते, मग बसल्यावर परत मोजते. पोरं म्हणतात ताई किती वेळा. मोजू दे म्हणते.

ती पदरवाडीची डोली उचलणारे मामा तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा आमचा मेंबर आहे.

येत्या रविवारी सकाळी आठला आम्ही पावसाळ्यानंतरचे रोप धुतो. साध्या पाण्यात, मग सावलीत वाळत घालतो, आणि वाळले की प्रत्येक रोप या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून काढतो, कुठे मऊ पडलाय का, कुठे आवरण फाटलंय का. जो खराब निघेल तो कापून टाकतो म्हणजे चुकून कोणी वापरणार नाही. सहा रोप आहेत, हात कमी पडतात. लिफ्टमधल्या मुलीला मी मेसेज केलाय. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पत्ता पाठवते. जुने कपडे घालून या.