बकेटमधली न दिसणारी फाईल

रात्री स्पार्कचा (मोठा डेटा हाताळणारं सॉफ्टवेअर) जॉब मेला, मशीनसकट. असं होतं. पण तो कशाने मेला हे ज्या इव्हेंट लॉगमधून कळायचं, तो लॉगही बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या आमच्या कप्प्यात, नाही. रात्रभर स्पार्क त्यात लिहीत होता, इमानेइतबारे फ्लश करत होता, म्हणजे लिहिलेलं पुढे ढकलत होता. एचडीएफएसवर, म्हणजे हडूप या डेटा-प्रणालीच्या स्वतःच्या फाईल-साठवणीत, असता तर बराचसा वाचता तरी आला असता. एस-थ्रीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर, मात्र क्लोज होईपर्यंत फाईल नसतेच.

सकाळच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं. समोर अकाउंट्सचे साहेब. क्लाउडच्या बिलाचं विचारायला आले होते, ते उठेचनात.

“म्हणजे लिहिलंच नाही?”

“लिहिलं. तुकड्या-तुकड्यांनी वर जातं. एस-थ्रीवर शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा निदान ५ एमबीचा.”

“मग आहेत ना तुकडे!”

“आहेत, पण फाईल म्हणून दिसत नाहीत. शेवटी ‘आता सगळे जोडा’ असा निरोप जातो, तेव्हा फाईल जन्माला येते.”

“आणि निरोप गेलाच नाही, तर तुकड्यांचं भाडं?”

“ते चालू राहतं. काढून टाकेपर्यंत.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. चेहरा उजळला. “अहो, ताबा नाही आणि हप्ते चालू! हा तर आमचा वाघोलीचा फ्लॅट!”

पुढे बिल्डर, बिल्डरचा मेहुणा, नकाशात असलेली आणि जागेवर नसलेली बाल्कनी. मी मध्येच, अर्धवट तुकडे आपोआप पुसणारा लाइफसायकल नियम लावता येतो, असं म्हणून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

“मग आता जोडा की.”

“शेवटचा तुकडा मशीनवरच राहिला. कारण नेमकं त्यातच होतं.”

“बिल्डरही अगदी असंच बोलतो हो,” साहेब म्हणाले. सगळे हसले. मी बिल्डर!

साहेबांचा राग नाही. बरं, आहे थोडा. खरा राग त्या एच-सिंकवर, म्हणजे ‘आत्तापर्यंत लिहिलेलं पक्कं कर’ या आज्ञेवर. एचडीएफएसवर त्या शब्दाला किंमत आहे, म्हणून तर एचबेस हा डेटाबेस वापरणारे एस-थ्रीवर डेटा ठेवूनही वॉल, म्हणजे बदल आधी नोंदवून ठेवणारा लॉग, एचडीएफएसवर ठेवतात. हडूपला एस-थ्रीशी जोडणाऱ्या एस-थ्री-ए कनेक्टरला एच-सिंक स्पष्ट नाकारता येतं. पण एक सेटिंग आहे; ते चालू असलं की तो नाकारत नाही, लॉगमध्ये एक इशारा टाकून पुढे जातो. तो इशारा रात्री दोन वाजता कोण वाचणार? नाही जमत तर तोंडावर सांगा ना!

मीटिंगचे मिनिट्स दुपारी आले. माझ्या नावापुढे: न दिसणाऱ्या तुकड्यांची यादी, भाड्यासह, शुक्रवारपर्यंत.