बंदोबस्तावरून परतताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. पोलिसांनी गाडीत सीटबेल्ट लावावा आणि वेग आवरावा, या माझ्या लेखावर सेवानिवृत्त हवालदार या नात्याने आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सोळा-सोळा तासांच्या ड्युटीबद्दल मी अवाक्षर काढले नाही, आणि जेथे गाडीतून क्षणात उडी मारावी लागते तेथे पट्टा ही अडचणच ठरते.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. आषाढीला पंढरपुरात किंवा संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत पहाटेपासून उभा असलेला शिपाई रात्री मोटारसायकल काढून गावाकडे निघतो, तेव्हा त्याला नुसते नियम ऐकवणे हा कोरडा उपदेशच होतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले होते, आणि आपल्या कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्केच आहे. थोडक्यात, नाकाबंदीत ज्याला अडवायचे, त्याच्याच अवस्थेत अडवणारा घरी जातो. म्हणून बंदोबस्ताचा तक्ता करतानाच परतीसाठी झोप झालेला चालक वेगळा नेमावा, आणि लांबच्या अंमलदारांना बसने सोडावे किंवा तेथेच मुक्कामाची सोय करावी.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. उडी मारायची ती गाडी थांबल्यावर; शेवटच्या काही मीटरांत एक बटण दाबले की पट्टा सुटतो. पट्टा न लावलेला मागचा माणूस धडकेत पुढच्यावर आदळतो, हेही विसरता येत नाही. (काही जुन्या जीपमधल्या मागच्या आडव्या बाकांना पट्टेच नसतात, तो दोष अर्थातच बसणाऱ्याचा नव्हे.) वेगाचेही तसेच. हैदराबाद रस्त्यावर दहा किलोमीटर अंतर ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने कापले, तर दीड मिनिट वाचते, पण धडकेची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. अपघातस्थळी दीड मिनिट मोलाचे असते, हे मी जाणतो. पण मदतीची गाडीच वाटेत उलटली, तर त्या जखमीला कोणीच मिळत नाही.

मूळ लेखात ड्युटीच्या तासांचा भाग आज जोडत आहे, आणि मथळ्यातला ‘बेशिस्त’ हा शब्द काढून टाकला आहे.