‘अन्नदान असताना रेशन कशाला?’ या मेसेजला उत्तर

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: देवळं, गुरुद्वारे, चर्च भुकेल्यांना जेवू घालतातच, अमेरिकेतही हे काम चर्चच करतात. मग धार्मिक संस्थांनी गरिबांसाठी सरकारकडे रेशन मागणं हे राजकारण झालं. शिवाय फुकट धान्याने माणसं आळशी होतात.

आधी अमेरिका, कारण तिथे मेसेज सरळच चुकलाय. तिथे ‘स्नॅप’ या सरकारी योजनेतून चार कोटींच्या आसपास लोक किराणा भरतात. ‘फीडिंग अमेरिका’ हे अन्नपेढ्यांचं मोठं जाळं स्वतःच सांगतं की आमच्याकडून एक जेवण जातं तेव्हा स्नॅपमधून नऊ जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प होऊन ते पैसे अडकले, तर चर्चच्या दारातल्या रांगा वाढल्या. आर्थर सायमन या पाद्र्यांनी १९७४ मध्ये काढलेली ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ ही संस्था तर अन्न वाटतच नाही. सरकारी अन्नयोजना टिकाव्यात म्हणून खासदारांच्या मागे लागणं, हेच तिचं काम.

आता आपल्याकडे या. अन्नदान तिथीला होतं, आणि भाविक येतात तिथे होतं. रामकुंडावर एकाच दिवशी तीन जणांकडून पुरी-भाजी मिळू शकते. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात चणचण भासते ती पावसाळ्यात, भाताची आवणी चालू असते आणि घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा. त्या पाड्यावर भंडारा कोण घालणार? हजार वस्तीच्या गावाला रेशनच्या हिशोबाने, म्हणजे माणशी ५ किलोने, महिन्याला ५० क्विंटल धान्य लागतं. एखाद्या मंडळाने एकाच गावासाठी वर्षभर हे करून दाखवावं, मग बोलू. शिवाय पंगतीत वाढप संपलं तर तक्रार करता येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र धान्य न मिळाल्यास भत्ता मागता येतो.

मागणं म्हणजे राजकारण? मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा. दुष्काळात घरचं वाटून भागेना, तेव्हा त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारं उघडली. त्या धान्याची रक्कम भरायला खुद्द विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, असं कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. सरकारी धान्याशी भक्तीचा काय संबंध, असं कीर्तनात उठून कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. हां, एखादी देवस्थान समिती फक्त आपल्याच भाविकांसाठी मागू लागली, तर तिला मीही विरोध करेन.

आळशीपणाचं काय सांगावं! ५ किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. डाळ, तेल, मीठ विकतच. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणारे मजूर याच कार्डांवरचे आहेत.

एक मात्र खरं, पंगत आधारकार्ड मागत नाही. रेशन दुकानात अंगठा उमटला नाही की म्हातारी रिकाम्या पिशवीने परत जाते, आणि काळाबाजारही आहेच. म्हणून तर देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या मंडळींनी बोलायला हवं. प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती असावी असं त्याच कायद्यात लिहिलंय. मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या दुकानाची समिती शेवटची कधी बसली, एवढं तहसील कचेरीत विचारून या.