मोहिमेचा टी-शर्ट पूर्ण बाह्यांचा करा

जून उजाडला की कोल्हापुरात पन्हाळा-पावनखिंड मोहिमांच्या नोंदण्या सुरू होतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज जुलै 1660 मध्ये ज्या वाटेनं विशाळगडाकडं निसटले, त्या वाटेनं भर पावसात चालायचं. आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींची डोंगरातली पहिली मोठी चाल हीच असते. आणि नोंदणी केली की हातात काय पडतं? अर्ध्या बाह्यांचा, बहुतेक वेळा काळा, सुती टी-शर्ट.

सगळ्या आयोजक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, यंदा हा टी-शर्ट बदला. पूर्ण बाह्या, फिकट रंग आणि लवकर वाळणारं साधं पॉलिस्टर. छपाई तुमची तीच राहू दे. खर्चात माणशी थोडाफार फरक पडेल, तो नोंदणी फीमध्ये घ्या, कुणी कुरकुर करणार नाही. काळ्या-गडद रंगाकडं डास जास्त ओढले जातात. अंगावर चढलेली गोचीड फिकट कापडावर लगेच नजरेला पडते, काळ्यावर दिसतच नाही. आणि सुती कापड एकदा भिजलं की दिवसभर अंगाला चिकटून राहतं. वाटेतल्या मसाई पठारावर वारा सुटला की ते ओलं कापड हाडापर्यंत गारठवतं.

हे लिहायचं कारण पैशाचं आहे. शोरूममधले जॅकेट, पँट, बूट यांचे आकडे बघून घरचे म्हणतात, हे आपलं काम नव्हे. अशानं गावाकडची चांगली चालणारी पोरं मागं राहतात. मला हे फार खटकतं. किडामुंगीपासून वाचायला महागडं काही लागत नाही. अंग झाकणारं, घट्ट विणीचं, सैल कापड लागतं, आणि त्याची टोकं बंद लागतात. एवढंच.

आपल्या शिवारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाहूवाडी-पन्हाळ्याकडं रोपलागणीच्या दिवसात बांधावर उभं राहून बघा. साडीवर घरातल्या गड्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, डोक्याला घट्ट फडकं, आणि वरून पाठ झाकणारी प्लॅस्टिकची खोळ. त्या खोळीचा गुण नीट बघण्यासारखा आहे. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत मागून पूर्ण झाकते आणि पुढून मोकळी असते, त्यामुळं वाकून काम करताना पाणी पाठीवरून ओघळून जातं आणि आत वारा खेळता राहतो. गाडीवर घालायचा रेनकोट घालून चढ चढणारा माणूस मात्र आतून घामानंच चिंब होतो. पावसाळी ट्रेकला मी खोळीच्याच बाजूचा आहे. वाऱ्यात उडू नये म्हणून कमरेला दोरी बांधली की झालं.

आता जळवा. आंबा, दाजीपूर, गगनबावडा या पट्ट्यात पावसाळ्यात त्या असणारच. नेहमीचे विणलेले मोजे त्यांना अडवत नाहीत. जळू स्वतःला दोऱ्याएवढी बारीक करते आणि विणीच्या फटीतून आत शिरते. म्हणून कापडी मोजे शिवून घ्यावेत. कापड घट्ट विणीचं पॉपलीन, आणि ते आपल्या दाराशी आहे. इचलकरंजी गेली शंभरेक वर्षं यंत्रमागाचं गाव आहे, तिथल्या तुकड्यांत एका जोडीचं कापड अगदी थोडक्यात मिळतं. गल्लीतल्या शिंप्याला सांगायचं, पायाच्या आकाराची, गुडघ्याखालपर्यंत येणारी पिशवी शिव, वर नेफा काढून नाडी घाल, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेव. शिवण आत राहिली तर बुटात बोटं सोलून निघतात. आधी नेहमीचे मोजे, पँट त्यात खोचायची, वरून हा कापडी मोजा, नाडी बांधायची आणि मग बूट. फिकट कापड असलं की वर चढणारी जळू लांबूनच दिसते.

तरीही एखादी चिकटलीच तर मीठ, काडी, तंबाखू काही नको. तिच्या बारीक टोकाशी नख सरकवून कातडीपासून सोडवायची आणि झटकायची. मीठ टाकलं की ती पोटातलं जखमेत ओकण्याची भीती असते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. घाबरायचं कारण नाही, जागा धुऊन दाबून धरायची.

माझ्या मते खरी काळजी गोचिडीची करायला हवी, आणि नेमकं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जळवा पावसाबरोबर जातात. गोचिडी मात्र गुरं आणि गवे फिरतात त्या गवतात उन्हाळ्यातसुद्धा असतात. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडीतूनच पसरतो, आणि 2016 पासून आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले आहेत. चंदगडहून तिलारी घाट उतरलं की दोडामार्गच. म्हणून जानेवारी ते मेमधल्या सुक्या ट्रेकलाही हाफ पँट नको. परत आल्यावर काखा, जांघा, कानामागं, गुडघ्याच्या मागं बघायचं, कपडे लगेच गरम पाण्यात टाकायचे. गोचीड चावलेली असेल तर बारीक चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. तेल ओतत बसू नका, चटका देऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

अंगाला लावायला मेडिकलमधली डास पळवणारी साधी क्रीम पुरते. उघड्या राहिलेल्या हातांना, मानेला, घोट्यांना लावा, घामानं उतरली की परत लावा. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ती, मग ही. डीट हे किडे पळवणारं रसायन असलेला स्प्रे घेतलात तर घड्याळाचा पट्टा, चष्मा, रेनकोट जपा, त्यानं प्लॅस्टिक खराब होतं. आणि एक हात जोडून सांगणं, गोठ्यातलं जनावरांच्या गोचिडीचं औषध कपड्यांवर मारू नका. ते माणसासाठी नाही, ओल्या कपड्यातून ते दिवसभर अंगात मुरतं.

पँटबद्दल थोडक्यात. जीन्स नको. नुसती टाइट्सही नको, ताणून बसलेल्या पातळ कापडातून डास सहज चावतो. आत टाइट्स आणि वर सैल ट्रॅकपँट ही जोडी उत्तम, कारण ओल्या मांड्या एकमेकींवर घासत नाहीत. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक पाय फाकून चालतात ते या घासण्यामुळंच. निघताना जांघेत व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा. मुक्कामाला एक कोरडा जोड, मोज्यांसकट, जाड पिशवीत गाठ मारून ठेवा आणि तो चालताना अजिबात घालू नका. सकाळी ओलेच कपडे परत चढवायचे, जिवावर येतं, पण रात्रीची झोप त्या कोरड्या जोडावरच असते.

आयोजकांनो, नोंदणीच्या फॉर्मसोबत या सूचना एका पानावर छापून द्या. कापडी मोजे एकगठ्ठा शिवून घेतलेत तर अजून स्वस्त पडतील, आणि एखाद्या बचत गटाला ऐन पावसाळ्यात काम मिळेल. कुठल्या मंडळाला मोज्याचं माप आणि कागदी कटिंग हवं असेल तर मला सांगा, मी आणून देतो.