पिन बघायची सोडून गिअरबॉक्स उघडला!

"भिया, मशीन बोल रही है, सेंसर गया।" झालं! एवढ्यावर काल इंदूरच्या रामबागेतल्या एका ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन उतरवलं, चार लिटर तेल काढलं, गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान सांगणारा नवा सेन्सर बसवला. आज सकाळी स्कॅनरवर तोच दोषाचा कोड, पी०७१३, परत! बाहेरच्या कनेक्टरमधली एक पिन मागे सरकली होती, जेमतेम दोन मिलिमीटर. टॉर्च मारली असती तर दिसली असती.

०७१३ म्हणजे सर्किट हाय, सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय. सेन्सर धड असला तरी तार तुटली, पिन सुटली की हाच कोड येतो. अरे, थर्मिस्टर आहे तो, तापला की रेझिस्टन्स उतरतो, बाकी काही नाही त्यात. कनेक्टर काढा. डायग्राममध्ये सेन्सरच्या दोन पिना नीट ओळखा, शेजारी सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या, असतात. हार्नेसकडून, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या बाजूने, पाच व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. मग त्याच बाजूच्या दोन पिना एकमेकींना तारेने जोडा. स्कॅनरवरचं तापमान उणे चाळीसवरून एकदम वरच्या टोकाला गेलं तर बाहेरचं वायरिंग ठीक, दोष आत. नाही हललं तर पॅनला हात लावू नका! पाच मिनिटांचं काम आहे हे.

आणि पॅन उघडलंच तर आत पुसायला कॉटन वेस्ट, सुती धाग्यांचा बोळा? त्याचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. गॅस्केटवर वरून सिलिकॉनही थापतात, त्याचे गोळे सुटून फिल्टरमध्ये जाऊन बसतात. पॅनमधल्या मॅग्नेटवरचा काळा गाळ मात्र तसाच ठेवतात!

सगळ्यात संताप येतो तो लेव्हलचा. डिपस्टिक नसलेल्या कितीतरी गिअरबॉक्सना इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असताना, खालच्या ओव्हरफ्लोच्या भोकातून येणारी धार थेंबांवर आली की बोल्ट लावायचा असतो. हे तापमान सांगतो कोण? हाच सेन्सर! तो खोटं बोलत असताना केलेली लेव्हलही खोटीच. त्यात मे महिन्यात, दुपारी दोनला, उन्हात तापलेल्या गाडीवर हे काम करतात. फुगलेलं तेल जास्त वाहून जातं, आत कमी उरतं, मग गिअर झटके देतो आणि पुन्हा नाव सेन्सरचं. सकाळी करा, गार गाडीवर.

निघालेलं तेल मापाच्या डब्यात घ्यायचं, तेवढंच नवं भरून सुरुवात करायची. काल ते मोजलं तर नाहीच, सरळ गटारात ओतलं. इंदूरच्या गटारात!