हिप्पींची न विकता येणारी घरे

गोव्याच्या पर्यटनावर वाद पेटला की आपल्याकडे हिप्पी हटकून निघतात. एक बाजू म्हणते, हणजूण त्यांनीच नासवले. दुसरी उसासा टाकते, तेव्हाचा गोवा काय होता! दोघांच्या डोळ्यांपुढचा हिप्पी मात्र एकच: वाढलेले केस, हातात चिलीम, गळ्यात मण्यांची माळ. कोपनहेगनमध्ये बसून हे वाचताना गंमत वाटते. इथे हिप्पींवरून पन्नास वर्षे भांडण चालू आहे, पण ते केसांवरून नाही, जमिनीवरून आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर अतिक्रमण नियमित करावे की नाही, यावरून.

डॅनिश लष्कराने १९७१ साली शहरातल्या जुन्या बराकी रिकाम्या केल्या. शेजारच्या ख्रिस्तियान्सहाउनमध्ये घरे कोंदट, मुलांना खेळायला जागा नाही. लोकांनी आधी कुंपण पाडले आणि २६ सप्टेंबरला आत ‘ख्रिस्तियानिया’ ही मुक्तनगरी जाहीर झाली. तटबंदी आणि पाण्याकाठ धरून सुमारे ३४ हेक्टर, म्हणजे ८४ एकर जागा, तीही राजधानीच्या मधोमध. सरकारने १९७३ मध्ये तिला ‘सामाजिक प्रयोग’ म्हणत तीन वर्षे दिली. मुदत सरली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वस्तीविरुद्ध निकाल दिला, तरी बुलडोझर आले नाहीत. १९८९ मध्ये वस्तीसाठी खास कायदाच झाला. मुंबईच्या वाचकाला यात नवे काही दिसणार नाही. आधी बसा, मग झगडा, मग कागद मिळवा, हा क्रम आपल्याला पाठ आहे. फरक पडतो तो कागद हाती आल्यावर.

इथले घर विकता येत नाही. मुलाबाळांच्या नावे करता येत नाही, बाहेर चढ्या भाड्याने देता येत नाही. वस्तीचे १४ भाग आहेत आणि प्रत्येकाची आपली सभा. घर रिकामे झाले की वस्तीच्या साप्ताहिकात जाहिरात येते, इच्छुक येऊन भेटतात, आणि त्या भागातले रहिवासी सभेत बसून नवा शेजारी एकमताने निवडतात. येणारा घराची किंमत मोजत नाही, जाणाऱ्याला ती मिळत नाही. दरमहा प्रत्येक प्रौढाने वापरशुल्क भरायचे. ते भागाच्या खजिनदाराकडून सामायिक तिजोरीत जाते आणि त्यातून कचरा, बालवाड्या, पाण्याचे नळ, सरकारचे देणे भागते. खजिनदारांची वेगळी सभा, बांधकामाची वेगळी, आणि सगळ्या वस्तीला बांधणारा निर्णय असेल तर सर्वांची. बंडखोर तरुणांनी स्थापलेल्या नगरीत इतके खजिनदार निघावेत!

आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेशी ताडून पाहा. महाराष्ट्रात फ्लॅट विकला गेला की संस्थेच्या पदरात हस्तांतरणाचे अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त २५,००० रुपये पडतात. शेजारी कोण येणार ते बाजार ठरवतो. वार्षिक सभेला कोरम भरत नाही, मग अर्धा तास थांबून तहकूब सभा भरते आणि चहा-वड्यावर विषय आटोपतात. ख्रिस्तियानियात ती पळवाट नाही, कारण मुळात मतदानच नाही. एकाचाही ठाम नकार असेल तर विषय पुढच्या सभेत, तिथून त्याच्याही पुढच्या.

यात बिघडते काय, तेही सांगायला हवे. एकमताच्या सभेत शहाणा जिंकतोच असे नाही, बहुतेकदा चिकट माणूस जिंकतो. लहान मुले असलेली बाई नऊ वाजता उठते. ज्याला घाई नाही तो बसून राहतो आणि शेवटी त्याच्या मनासारखे होते. नवा शेजारी निवडताना ओळखीपाळखीचाच माणूस पुढे सरकतो, ही तक्रार जुनीच आहे आणि मला ती खरी वाटते. तिसरी अडचण अधिक नाजूक. वीस वर्षे स्वतःच्या हाताने छप्पर, जुन्या बाजारातून आणलेल्या खिडक्या, लोखंडी शेगडी बसवलेला माणूस बाहेर पडला तर हाती शून्य, आणि बाहेर कोपनहेगनची भाडी. त्यामुळे मुले उडून गेलेली जोडपी मोठ्या घरात अडकून पडतात. न विकता येणारे घर माणसाला स्वस्तात निवारा देते, आणि तितक्याच घट्ट धरूनही ठेवते.

अमली पदार्थांचा विषय टाळता येणार नाही, पण तोही आपल्याकडे रंगतो तसा सरधोपट नाही. हॅशिश (चरस) उघड्यावर विकले जायचे, हेरॉइनला मात्र बंदी. १९७९ मध्ये, वर्षभरात दहा जण दगावल्यावर, रहिवाशांनी चाळीस दिवस घरोघर फिरून हेरॉइन विकणाऱ्यांना हाकलले आणि व्यसनींपुढे दोनच वाटा ठेवल्या: उपचार घ्या किंवा वस्ती सोडा. हॅशिशच्या बाबतीत हा ठामपणा आला नाही, आणि माझ्या मते तिथे सभेची पद्धतच आडवी आली. हॅशिश विकणाऱ्या ज्या टोळ्यांची वस्तीतल्या ‘पुशर स्ट्रीट’वर दुकाने होती त्यांच्याविरुद्ध भर सभेत, सगळ्यांच्या तोंडादेखत बोलणार कोण? ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे गोळीबारात एक तरुण ठार झाला. त्यानंतर ६ एप्रिल २०२४ रोजी हा बाजार बंद करण्यासाठी रहिवाशांनीच रस्त्याचे दगडी चिरे उखडले.

पैशाचा सर्वांत अवघड प्रश्न २०११ मध्ये सुटला. मालकी सरकारचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर वस्तीने एक न्यास काढला. ७ कोटी ६० लाख डॅनिश क्रोनरला इमारती घेतल्या, तटबंदीवरचा भाग भाड्याने घेतला. कर्जाला सरकारची हमी मिळाली. जोडीला ‘लोकशेअर’ विकले, ज्यांवर लाभांश नाही, मताचा हक्क नाही, फक्त भिंतीवर लावायचा कागद. मालक न्यास झाला, रहिवासी नाही. बाजारभावापुढे ही किंमत किरकोळ होती, आणि इतर डॅनिश करदात्यांचा त्यावरचा राग मला समजतो.

वस्तीत खासगी मोटारी नाहीत. म्हणून १९८४ मध्ये वस्तीतल्या लार्स एंगस्ट्रम यांनी पुढच्या बाजूला प्लायवुडची पेटी असलेली तीनचाकी सायकल बनवली. आज शहरभर आईबाप पोरांना तिच्यातून बालवाडीत सोडतात, आणि त्यांना कोणी हिप्पी म्हणत नाही. संगीताचे म्हणाल तर घोडेस्वारीच्या जुन्या हॉलचा ‘ग्रे हॉल’ झाला आणि १९९६ मध्ये तिथे बॉब डिलन गाऊन गेला.

गोव्यात हे काहीच का रुजले नाही? ‘आठ बोटांचा एडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी हिप्पीला १९७५च्या सुमारास हणजूणचा बाजार सुरू करण्याचे श्रेय देतात. तिथूनच पुढे ‘गोवा ट्रान्स’ हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत जगभर गेले. पण ही मंडळी हंगामी. दिवाळीनंतर यायची, पावसाआधी निघायची, खोली भाड्याने. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि युरोपातून बसने येण्याची वाटही बंद झाली. ज्याला जूनमध्ये तिथे राहायचेच नाही, तो खजिनदार कशाला नेमेल? मागे उरला तो बाजार, पार्टी आणि टी-शर्ट. या तिन्हींना गिऱ्हाईक होते.

खरे तर सामायिक जमिनीचा धडा गोव्याला हिप्पींकडून घ्यायची गरजच नव्हती. गावकारी, म्हणजे पोर्तुगीजांची कोमुनिदाद, शतकानुशतके गावाची जमीन एकत्र राखत होती: शेतांचा लिलाव करायचा, खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनींचे बांध आणि पाण्याची दारे सांभाळायची, उरलेला नफा गावकारांत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या वंशजांत, वाटायचा. आज याच जमिनींवरून भांडण आहे. कोमुनिदादच्या जागेवरची २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची घरे नियमित करण्याचे विधेयक विधानसभेने २०२५ मध्ये मंजूर केले, आणि गावकारांनी त्याला कडाडून विरोध केला. पाडा की राखा, यापलीकडे मला एक प्रश्न पडतो: नियमित झालेल्या घरात पुढे कोण राहील, हे कोण ठरवणार? ख्रिस्तियानियासारखी शेजाऱ्यांची सभा ठरवणार म्हटले, तर दुसरे घर घ्यायला आलेल्या दिल्लीकराला हणजूणमध्ये पहिल्याच बैठकीत घाम फुटेल. पण गावकारीच्या सभेत बसायला परंपरेने पुरुष वंशज असावे लागते. म्हणजे त्या दिल्लीकराबरोबर गावातल्या बायकाही दाराबाहेरच.