लोडाखालचे रहस्य

नागपुरातल्या आमच्या घरी, बैठकीच्या कोपऱ्यात, चार हार्ड डिस्कची एक काळी पेटी आहे. तिचे शास्त्रोक्त नाव नेटवर्क स्टोरेज. घरात मात्र तिला 'फोटोंची पेटी' म्हणतात, कारण मुलाच्या बारशापासूनची सगळी छायाचित्रे आणि आजीने म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण तिच्याच पोटात आहे. गेल्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ही पेटी रोज दुपारी अडीचच्या सुमारास अचानक बंद पडू लागली आणि लगेच आपली आपणच घरघरत उठू लागली.

बाहेर ४५ अंश असताना संशय उन्हावर न गेला तर नवल. मी पेटीतल्या डिस्कचे तापमान पाहिले, तर ते ५३ निघाले. माझ्या डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल मर्यादा ६० लिहिलेली असल्यामुळे घाबरण्यासारखे काही नव्हते. परंतु घाबरायला मला मर्यादा ओलांडण्याची गरज कधीच पडलेली नाही. तपासाला गेलो तर पेटीवर आईने क्रोशाचा रुमाल घातलेला. आमच्या घरात टीव्ही, फ्रिज आणि मिक्सर यांना जो मान मिळाला तो नव्या पाहुणीला का मिळू नये, हा तिचा विचार योग्यच होता. मात्र रुमालाची झालर नेमकी मागच्या पंख्यावर लोंबत होती. रुमाल काढला. पंख्याच्या पात्यांवर साचलेली धूळ ब्लोअरने झाडली. झाडताना पाते बोटाने धरून ठेवले, कारण जोराच्या हवेने ते भरभर फिरले तर बेअरिंग खराब होते, एवढे ज्ञान मला होते. नंतर समोर टेबलफॅन लावला. खोलीतलीच हवा ३९ अंशांची असताना कोणताही पंखा डिस्कला त्याहून गार करू शकत नाही, हे मला उशिरा उमगले. म्हणून मी पेटी उचलून थेट कूलरच्या तोंडासमोर नेली. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तिला आंघोळ घालताय का?" दमट वाऱ्यासोबत पाण्याचे तुषारही येत होते. पेटी मुकाट्याने परत कोपऱ्यात आली.

तापमान ४८ वर उतरले. पेटी अडीचला बंद पडली.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. उष्णतेमुळे यंत्र स्वतःला बंद करते तेव्हा सहसा तशी नोंद ठेवून व्यवस्थित बंद करते आणि गार होईपर्यंत गप्प राहते. आमच्या पेटीच्या नोंदवहीत मात्र रोज एकच ओळ होती: यंत्र अनपेक्षितरीत्या बंद पडले. म्हणजे तिची वीजच तुटत होती. ही ओळ मी चार दिवस वाचत होतो आणि चारही दिवस पंखा पुसत होतो.

पाचव्या दिवशी मल्टिमीटर काढला. अ‍ॅडॅप्टरची पिन पेटीतून उपसून मोजली, तर १२.१ व्होल्ट. अगदी निर्दोष. मी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि विजयी स्वरात आकडा सांगितला. तो म्हणाला, "रिकामा मोजून काय उपयोग? लोडखाली किती येतात ते सांगा."

हे ऐकून पानाचा डबा आवरत असलेली आई म्हणाली, "लोडाखालीच तर आहे तो!"

खरोखरच होता. दिवाणाच्या मागे, भिंतीकडच्या जाडजूड लोडाखाली, गेली पाच वर्षे तो अ‍ॅडॅप्टर सुखाने भाजत पडला होता. "वायरी उघड्या दिसतात, बरं दिसत नाही," म्हणून आईनेच तो तिथे सारला होता. हाताला चटका बसला. अशा अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारे छोटे भाग, उष्णतेने हळूहळू वाळत जातात. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. नागपूरचा उन्हाळा आणि वर कापसाचा लोड, म्हणजे त्या बिचाऱ्याचे आयुष्य कितव्यांदा निम्मे झाले असेल, हे मी मोजले नाही.

पण अडीचच का? तेही आईकडूनच कळले. जेवण झाले, की ती टीव्हीवर नातवाचे फोटो लावत असे आणि त्याच क्षणी पेटी बंद पडत असे. आपल्याच हातून काही बिघडले, असे समजून ती कोणाला बोलली नव्हती, आणि तिला विचारण्याचे मलाही सुचले नव्हते. झोपलेल्या चारही डिस्क एकदम जाग्या होत. फिरती डिस्क जेवढी वीज घेते त्याच्या कितीतरी पट, साधारण दोन अँपिअर, प्रत्येकीला सुरुवातीच्या काही सेकंदांत लागते. मेकॅनिकने संध्याकाळी येऊन लोडखाली, म्हणजे पेटी चालू असताना मोजले, तेव्हा डिस्क उठताक्षणी १२.१ चे १० झाले आणि आमच्या डोळ्यांदेखत दिवे विझले.

त्याने तेवढ्याच व्होल्टचा, थोड्या जास्त अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणला, पिनेची धन-ऋण बाजू दोनदा पडताळली आणि जोडला. दुसऱ्या दिवशी अडीचला बारशाचे ३१२ फोटो विनाव्यत्यय पार पडले, आणि ते सगळे मला बसून पाहावे लागले.

नवा अ‍ॅडॅप्टर आता स्टुलावर, मोकळ्या हवेत असतो. काल त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल अंथरलेला दिसला. वर नाही, खाली. त्यामुळे मी काही बोललो नाही.